घरटी एक माणूस

हिराबाय, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. इतका लगेच, की पान ठेवणारा हात पुरता मागेही आला नव्हता. धक्क्यावर जमलेली माणसं ताटकळायची तयारी करून आली होती. पाड्यातल्या लक्ष्मणदादाने टोपीखाली ओला रुमाल ठेवला होता. सगळ्यांना वाटत होतं, ही बाई सहजासहजी जेवायची नाही. बांधाचं काय, उघाडीचं काय, खाजणाचं काय, सगळं वदवून घेईल आणि मगच चोच लावील. मी तर शपथा मनात जुळवून ठेवल्या होत्या. आणि तू? आलीस, वडा उचललास आणि खाडीवरून पलीकडे निघून गेलीस. जिवंतपणी माझं पुरतं ऐकून घ्यायला तुला कधी सवड नव्हती, ती मेल्यावर कुठून येणार?

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "सुटली बाई. मागं काय राहिलं नाय तिचं," कुणीतरी म्हणालं. आणि तिथंच, ओल्या अंगाने, नितीन माझ्या कानाशी आला. माझा मुलगा, पण वाढला तुझ्या मांडीवर. तुला मोठी आई म्हणायचा आणि मला नुसतं आई.

"बघितलंस ना आई? मोठ्या आईची काही इच्छा राहिली नाही. मग आता बांधाचं आपण कशाला अडवून धरायचं?"

तुझ्या दहाव्याला धक्क्यावर भांडण नको, असं मला वाटलं. तू माझ्या जागी असतीस तर ओल्या लुगड्यानिशी त्याच्या कानशिलात लगावली असतीस. आता घरी बसून लिहिते आहे आणि माझा राग काही उतरत नाही. कावळा शिवला म्हणजे तू जेवलीस, एवढंच. जेवलीस म्हणजे बांध सोडलास, असं कुठल्या शास्त्रात आहे?

तुझ्या दहाव्याला नव्या बिल्डिंगींमधल्या दोन-तीन बायका आल्या होत्या. उघाडीवर रोज दिसणारी म्हातारी, एवढीच त्यांची तुझी ओळख. त्या मला विचारत होत्या, हा बांध म्हणजे नक्की काय भानगड आहे? त्यांना मी सांगितलं ते तूही ऐक, चुकलं असेल तर रात्री स्वप्नात येऊन चिमटा काढ. खाडी आणि आपली वस्ती यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध आहे. त्याच्या मधोमध लाकडी झडप आहे, ती उघाडी. ओहोटीला ती आपोआप उघडते, आतलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला आपोआप मिटते, खाडीचं खारं पाणी आत येत नाही. हा बांध सरकारने बांधला नाही आणि कुणा एकाच्या मालकीचाही नाही. दरवर्षी होळीनंतरच्या अष्टमीला, पाणी कमी चढतं त्या भांगाच्या दिवसांत, बांधामागे राहणाऱ्या प्रत्येक घरातून एक माणूस येतो आणि आपापल्या वाट्याचा तुकडा गवतासकट कापलेल्या चिखलाच्या ढेपांनी पुन्हा बांधतो. घरटी एक माणूस. गरीब असो, श्रीमंत असो, आजारी असो. एक वर्ष चुकलं की पावसाळ्यातल्या उधाणाला बांध फुटतो आणि मग तो खाडीचा होतो.

"म्हणजे आमचं पार्किंग कोरडं राहतं ते यामुळे?" त्यातली एक म्हणाली. मी म्हटलं, हो, आणि त्या उघाडीत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आमची हिराबाय रोज हाताने काढायची. तिने पदर डोळ्याला लावला. बघ, तुझ्यासाठी रडणारी माणसं कुठून कुठून आली.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तू थोरली होतीस, आणि तुझा नवरा जाऊन दोन पावसाळे झाले होते. मूलबाळ नाही. लोकांना वाटलं माहेरी जाशील. तू त्याच्या वाटणीचं मिठागर कसायला घेतलंस. माझं माहेर भिवंडीकडचं, भाताचं. पाणी वरून पडतं एवढंच मला ठाऊक, ते खालून चढतं हे मी इथं येऊन शिकले. आल्या आल्या मी अमावास्येच्या दुपारी खाडीकाठच्या दगडावर कपडे धुवायला बसले आणि धुणं खाडीने नेलं. तू कमरेवर हात ठेवून हसत होतीस. मग पाण्यात उतरलीस आणि माझी एकेक साडी तिवरांतून सोडवून आणलीस. "तिथी बघल्याशिवाय पान्याकडं जायाचं नाय गो," म्हणालीस. "नवऱ्याचं तोंड नंतर बघ, पयलं पंचांग बघ." मी तुझ्यावर चिडले होते. पण त्या दिवसापासून आजपर्यंत मी पंचांग पाहिल्याशिवाय दिवस सुरू केलेला नाही.

आपल्या धक्क्याचं नशीब पालटलं ते आपल्या दोघींच्या डोळ्यांदेखत. तू सासरी आलीस तेव्हा मिठाचे मचवे लागायचे. माझ्या वेळी मचवे थांबले होते, ट्रक लागायचे. कधीतरी शाळेची सहल यायची आणि मास्तर मुलांना सांगायचे, हे आपलं सोपारा केवढं जुनं बंदर, दूरदेशची गलबतं या खाडीतून आत यायची. तू उघाडीवरून ओरडायचीस, "मास्तर, त्या बंदराचं पुढं काय जालं, ता पन सांगा पोरांना! गाळ काढायला कोन गेला नाय म्हनून बुजलं!" मास्तर मुलांना घेऊन लगबगीने निघायचे. तुझं इतिहासाचं ज्ञान तेवढंच, पण एकाही वर्षी बदललं नाही.

मग नव्वदच्या दशकात कारखान्यांचे गाळे आले. मिठाला कुणी विचारेना, आणि आपल्या माणसांनी बांधामागच्या जमिनी द्यायला सुरुवात केली. त्यात आपल्या लोकांनी एक चूक केली, ती दुसऱ्या कुठल्याच गावाला करता आली नसती. मिठागरात पाणी घ्यायचं ते उधाणाच्या दिवसांत. तेव्हा माणसं कामात, कुणाला मान वर करायला फुरसत नाही. मोकळी व्हायची ती भांगाला. त्यामुळे जमिनी दाखवणं, मोजणं, सुपारी फोडणं, सगळं भांगातच झालं. भर दुपारी खाडी खाली गेलेली, चिखल चमकतोय, जमीन कशी खडखडीत. गाळेवाले खूश. उधाणाला इथं पाणी बांधाच्या डोक्याशी येतं, हे सांगायचं कुणालाच सुचलं नाही. लपवाछपवी नव्हती गं. सूर्य पूर्वेला उगवतो असं कोण कुणाला सांगत बसतं?

तुझं म्हणणं वेगळं. "पोरगी दाखवतानी आपन दिवा मोठा करतो. आनि जमीन दाखवली ती पानी उतरल्यावर. फसवलं नाय तर काय केलं?" यावर आपण कितीदा भांडलो! तू तुझा तुकडा विकला नाहीस. मी मात्र नवऱ्याकडून आमच्या तुकड्याच्या कोपऱ्यावर पत्र्याची शेड घालून घेतली आणि गाळ्यांतल्या कामगारांसाठी खानावळ काढली. घरातले पुरुष नाक मुरडत होते. परक्या मुलुखातल्या पोरांना सुनेने वाढायचं? पहिल्या दिवशी सकाळी मी शेड उघडली तर दारात मिठाची गोण. तुझ्या आगराचं मीठ, जाडं, करडं. तू दुरून म्हणालीस, "गाळ्यांचं तोंड बघनार नाय मी. पन त्या पोरांनी पिशवीतलं मीठ खाल्लं तर खाडीची लाज जाईल." पुढे आगर बंद पडेपर्यंत खानावळीत तुझ्याशिवाय दुसरं मीठ शिरलं नाही. त्या गोणीने पुरुषांची तोंडं बंद झाली, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. तू नसतीस तर माझी चूल पहिल्याच आठवड्यात विझली असती.

पण भांडण ते भांडणच. गाळ्यांनी खाडीचं काय केलं ते मलाही दिसत होतं. रबर, पॉलिश, रंग. कधी पाणी निळसर, कधी गंजासारखं. चिखलातले निवटे मासे दिसेनासे झाले, चिंबोऱ्यांची कवचं पिचकी निघायला लागली. तू हातात मेलेला बोय मासा घेऊन खानावळीत यायचीस आणि जेवणाऱ्यांच्या मधोमध टेबलावर ठेवायचीस. "खा, तुमचाच हाय." पोरं ताटावरून उठायची, माझं रक्त उसळायचं. मी ओरडायचे, यांच्या पोटावर का मारतेस? मालकाच्या टेबलावर नेऊन ठेव! तू मालकाच्या टेबलावरही ठेवून आलीस, ते मला नंतर कळलं. तुझं म्हणणं खाडी, माझं म्हणणं पोट. तू म्हणायचीस, खाडी मेली तर पोट कुठं भराल? मी म्हणायचे, आज उपाशी निजलं तर उद्याची खाडी कोण बघणार? दोघींचंही खरं होतं आणि दोघींनाही ते ठाऊक होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

आणि तरी त्या गाळ्यांना बांधावर आणलं ते तूच. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला, भर जेवणाच्या वेळी बांधाला खांड पडली. माझ्या शेडमध्ये पायाखाली पाणी आलं तेव्हा मला वाटलं, कुणी तरी हंडा लवंडला. मग तू आलीस. कमरेपर्यंत चिखल, पदर डोक्याला गुंडाळलेला. "जेवताय काय? उठा! बांध फुटलाय!" पोरं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांना तुझी भाषा अर्धीच कळत होती. तू एकाला मनगट धरून उठवलंस, मुन्ना त्याचं नाव, रबराच्या गाळ्यात होता. "घर कुठं तुझं?" तो म्हणाला, "आजमगढ़ में, मौसी." तू म्हणालीस, "तिकडं नाय. निजतोस कुठं?" त्याने गाळ्याकडे बोट दाखवलं. "मग तेच तुझं घर. घरटी एक मानूस. चल!"

मुन्ना गेला, त्याच्यामागे सगळे गेले. मातीच्या ढेपा आणायला वेळ नव्हता. त्यांनी गाळ्यातल्या खराब रबराच्या चकत्यांच्या गोण्या पाठीवर घेतल्या आणि खांडीत टाकल्या. मालक मागे धावत, "अरे, माल आहे तो!" आणि तू पाण्यात उभी राहून, "तुझा माल वाचवायलाच टाकतो रं!" बांध राहिला. अजूनही पाणी फार उतरलं की तिथे काळ्या चकत्या दिसतात. त्यानंतर दरवर्षी अष्टमीच्या आधी तू गाळ्यागाळ्यांतून फिरायचीस. पोट दुखेपर्यंत हसले तुला मालक लोक. कुणी म्हणालं महापालिकेला सांगा, कुणी म्हणालं वॉचमनला पाठवतो. तू म्हणालीस, वॉचमन पन चालल, जीव असला म्हंजे जालं. पाड्यातल्या म्हाताऱ्यांनीही कुरकुर केली, ही उपरी माणसं आपल्या बांधावर कशाला? तू त्यांना एकच विचारलंस, पानी येतानी आडनाव इचारतं का?

आपल्या दोघींचं खरं भांडण मात्र याच्याही पलीकडचं. माझा नवरा होता तोवर आमच्या घरचा माणूस तो होता. तो गेला, नितीन कॉलेजात, मग नोकरीत. बांधाच्या दिवशी सगळ्यांचं जेवण माझ्या खानावळीतून जायचं. भात, सुकटीचं कालवण, कोकमाचं सार. मी म्हटलं, एवढ्या माणसांना जेवू घालते, हाच माझ्या घरचा माणूस धरा. लक्ष्मणदादा तयार होता. नावं पुकारायचं काम त्याचं. तो उघाडीवर उभा राहून एकेक घर पुकारतो आणि ज्याचं त्याने "आलं" म्हणायचं. पण तू आडवी आलीस. "जेवन ता जेवन. ढेप उचलल तोच मानूस." मी म्हटलं, पहाटेपासून चुलीपुढे जळते ते काय खेळ आहे? बाईचं काम ते काम नाही का? निदान तू तरी असं म्हणू नकोस! तू म्हणालीस, "मी पन बाईच हाय ना? मना कोन बोललं, तू घरी बस म्हनून?" आणि मग माझ्या तुकड्यावरही तूच ढेपा लावायचीस. तुझा उघाडीला लागून, माझा त्याच्या शेजारी, विजेच्या जुन्या खांबापर्यंत. लावायचीस आणि पुढच्या होळीपर्यंत ऐकवायचीस. सुंभ जळला तरी पीळ जाईना. मी जेवण वाढताना तुझ्या पानात मुद्दाम सुकटीची डोकी वाढायची, तूही ती मुद्दाम मिटक्या मारत खायचीस. हे आपलं वर्षानुवर्षं चाललं, आणि मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं.

मग गाळे गेले. आले तसेच. हायवेच्या बाजूला मोठ्या जागा झाल्या, धंदे तिकडे सरकले, काही बुडाले. दोन-चार गाळे उरले, त्यांतला एक आता मुन्ना चालवतो. धक्क्यावर पत्रे वाजायला लागले. माझ्या खानावळीत बाकं रिकामी. हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसून मी म्हटलं, घे, जिंकलीस एकदाची. गेले गाळे. खाडीही जरा निवळलीय. तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "मी कुटं जिकले? ती पोरं कुटं गेली असतील गो?" थोड्या वेळाने नर्सला विचारलंस, आज तिथी कोणती. तिला सांगता आली नाही. मी सांगितली. "मंग भांग लागल आता," म्हणालीस, आणि त्यावर तुझं समाधान झालं. मला म्हणायचं होतं की तू माझी जाऊ कमी आणि आई जास्त होतीस. पण तू लगेच म्हणाली असतीस, मंग आईचं कधी आयकलंस? म्हणून राहून गेलं.

आता टॉवर येणार. नितीनच्या कंपनीकडे त्या जागेचं काम आहे. उघाडी बुजवायची, बांध सपाट करायचा, खाजणात, बांधाजवळच्या त्या खाऱ्या दलदलीत, भराव टाकायचा आणि वर खाडीकाठाने गुळगुळीत रस्ता. कागदावरचं चित्र मला दाखवलं त्याने. झाडं, बाकडी, निळीशार खाडी आणि कुत्रं फिरवणारी बाई. तुझं मिठागर कुठे ते मला शोधूनही सापडलं नाही. पाड्यातली बरीच घरं राजी झालीत. आपली दोन अडून होती. तुझं आणि माझं.

"आई, तुमच्या वेळी जमीन बघायला लोकांना आणायचे तसं नाही हे," नितीन म्हणाला. "इंजिनिअर आले होते, सगळं बघून गेले."

"कोणत्या तिथीला आणलंस?"

"तिथी? शनिवारी. सुट्टी असते सगळ्यांना. दुपारी."

मी पंचांग काढलं. अष्टमी. मला हसू आवरेना, हिराबाय. एवढा शिकला, पण रक्त आपलंच. पुन्हा भांगात, पुन्हा पाणी उतरल्यावर. मी म्हटलं, त्यांना अमावास्येच्या दुपारी आण आणि धक्क्यावर उभं कर, बूट घालून. उघाडी बुजवलीत तर पावसाचं पाणी जाणार कुठून? त्या बिल्डिंगींतल्या बायकांच्या पार्किंगमध्ये, मुन्नाच्या गाळ्यात, माझ्या चुलीत. तो म्हणाला, पंप बसवतील. मी म्हटलं, वीज गेली की? त्याने चित्राचा कागद गुंडाळला. मग म्हणाला, "या वर्षी बांध नाही केला तरी चालेल. आपल्याला सुतक होतं, कुणी काही म्हणणार नाही." माझ्या लक्षात आलं. एक वर्ष नाही केला की बांध आपोआप जातो, कुणाला काही बुजवावंही लागत नाही. माझ्या मुलाला वाईट म्हणवत नाही. त्याला खरंच वाटतं की आपण जुनं ओझं वाहतोय. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि तुझी फार आठवण आली.

अष्टमीला मी बांधावर गेले. जेवणाचे टोप मुन्नाच्या टेम्पोत घातले, आणि पहिल्यांदाच बरोबर फावडंही घेतलं. पूर्वी नावं पुकारता पुकारता लक्ष्मणदादाचा घसा सुकायचा, आता यादी एका विडीत संपते. पाड्यातली मोजकी घरं, शेवटचे दोन-चार गाळे. "मुन्नाचा गाळा?" "आया है, दादा." आणि ती पार्किंगवाली बाई, नवऱ्याला घेऊन, दोघांच्या पायांत रबरी बूट. "बिल्डिंग कसं पुकारायचं?" दादाने विचारलं. ती म्हणाली, "बिल्डिंगच म्हणा." मग सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "हिराबायचं घर?" आणि तो थांबला. सगळे खाली बघायला लागले. तुझ्या घराला कुलूप आहे, चूल पेटत नाही. रीतीप्रमाणे ते घर आता मोजायचं नाही.

"आलं," मी म्हटलं.

दादाने माझ्याकडे बघितलं, आणि वाद घातला नाही. मग पुढचं नाव, माझं. "सुमनचं घर?" वर रस्त्यावर नितीन उभा होता, कंपनीच्या माणसाबरोबर, कडक इस्त्रीत. त्याने ऐकलं, मला दिसलं. तो हलला नाही. दादाला माझी कीव आली असावी. "जेवन आनलंस ना? मंग धरतो. जेवन म्हंजे तुझ्या घरचा मानूस."

इतकी वर्षं मला जे हवं होतं ते सगळ्यांसमोर, असं उघडं पदरात पडलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं ऐक. "नाही दादा. जेवण ते जेवण. ढेप उचलेल तोच माणूस." माझं मलाच नवल वाटलं. तुझा तुकडा मी बांधला. गवताची बाजू खाडीकडे, मुळं आत, तू बांधायचीस तसा. कंबर अजून दुखते आहे. माझा, विजेच्या खांबापर्यंतचा, तसाच ठेवला. मुन्ना फावडं घेऊन आला, त्याला हात लावू दिला नाही. बाकीचे चिडले. एका तुकड्यापायी सगळ्यांना बुडवशील म्हणाले. मी म्हटलं, अमावास्येला अवकाश आहे. माझ्या घरचा माणूस येईल.

संध्याकाळी नितीन घरी आला. "आई, हे ब्लॅकमेल आहे."

"आहे."

"पाणी शिरलं तर?"

"शिरेल. मग मुन्नाला तू समजावून सांग."

तो दार आपटून बोळिंजला आपल्या फ्लॅटवर गेला. मी शेवटपर्यंत ताणून धरणार नव्हते, हे तुला म्हणून सांगते. फावडं दारामागेच होतं. चतुर्दशीपर्यंत थांबायचं आणि मग आपलं आपण उतरायचं, असं ठरवलं होतं.

चतुर्दशीला दुपार कलल्यावर, पाणी ओसरायला लागलं तेव्हा फावडं खांद्यावर टाकून गेले, तर माझा तुकडा बांधलेला. नितीन मुन्नाच्या नळावर पाय धूत होता. मांडीपर्यंत चिखल, पँटची इस्त्री पार गेलेली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "टॉवरच्या कागदांवर सही करणार नाही, असं मी म्हटलेलं नाही."

"मी काही विचारलं का?"

"रोज त्या उघाडीवरून जातो. वाटतं, मोठी आई शिव्या देतेय."

"देत असेल," मी म्हटलं. त्याला पुसायला पदर दिला. लढाई संपलेली नाही, त्याच्याशीही नाही. कागद अजून त्याच्याच बॅगेत आहेत, आणि मी माझा अंगठा सुद्धा त्या कागदाला लावणार नाही, सही तर लांबच राहिली.

काल अमावास्या झाली. भर दुपारी मी बांधावर उभी होते. पाणी चढत आलं, ढेपांना टेकलं, थोडा वेळ तिथेच राहिलं आणि मग मागे फिरलं. उघाडी मिटली होती, ती उघडली. तुझा तुकडा जागचा हलला नाही. माझ्या तुकड्याच्या दोन ढेपा घसरल्या, कारण पोराने निम्म्याहून जास्त ढेपा उलट्या लावल्यात, गवत आत आणि मुळं खाडीकडे. तू असतीस तर लाथेने पाडून पुन्हा लावायला लावल्या असत्यास. मी त्या तशाच ठेवल्यात. ढेप उलटी लावली तर माणूस धरायचा की नाही, यावर आपलं बोलणं कधी झालं नव्हतं.

मी धरलाय. भांडायचं असेल तर ये.